मृतांचे श्रवण : इस्लामी विचारपरंपरेतील एक वाद आणि कोकण-मुंबईतील त्याचा इतिहास

सारांश :
कबरीतील मृत व्यक्तीला जिवंत माणसाचे बोलणे ऐकू येते काय, हा प्रश्न इस्लामी धर्मविचारात प्रेषितांच्या काळापासून चर्चिला गेला आहे. अरबी-उर्दू ग्रंथांत त्याला ‘समा-ए-मौता’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या वादाची मुळे, शाफई व हनफी न्यायपरंपरांनी त्याला दिलेली भिन्न उत्तरे, एकोणिसाव्या शतकात त्याला आलेले पंथीय स्वरूप आणि कोकण, मुंबई व मराठवाडा या प्रदेशांत त्याचे उमटलेले पडसाद यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. ‘मृत ऐकतात काय’ आणि ‘मृतांकडे मागावे काय’ हे दोन भिन्न प्रश्न असून त्यांची सरमिसळ झाल्यामुळे वाद अधिक तीव्र झाला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : समा-ए-मौता, तल्कीन, कबर, दर्गा, शाफई, हनफी, कोकणी मुसलमान.

प्रस्तावना :
शाबान महिन्याच्या पंधराव्या रात्री, म्हणजे शब-ए-बरातीला, मुंबई आणि तिच्या उपनगरांतील कबरस्ताने दिव्यांनी उजळून निघतात. माणसे आपल्या आईवडिलांच्या, आजोबा-आजीच्या कबरीपाशी जातात, फुले वाहतात, फातिहा पढतात. आत शिरताना प्रथम कबरीतील लोकांना सलाम केला जातो. हा सलाम दर्ग्याला जाणाराही करतो आणि दर्ग्याला कधीही न जाणाराही करतो, कारण त्याची शिकवण हदीस ग्रंथांतच आहे. सलाम हा ऐकणाऱ्याला करावयाचा असतो. मग कबरीतील माणूस तो ऐकतो काय? या साध्या प्रश्नावर जवळजवळ चौदा शतके विद्वानांची चर्चा चालू आहे.

मिरा-भाईंदर शहरातील नवघर हे मूळचे साष्टी बेटावरील एक गाव. १९८५ मध्ये येथील ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. १९८० नंतर, आणि विशेषतः १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर, मीरा रोड परिसरात मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली. रत्नागिरी-रायगडकडील शाफई कोकणी, उत्तर भारतातून आलेले हनफी, त्यांतही बरेलवी व देवबंदी, शिवाय अहले हदीस अशा भिन्न परंपरांची माणसे अशा उपनगरांत एकमेकांच्या शेजारी आली. जिवंतपणी त्यांच्या मशिदी वेगळ्या असू शकतात. पण दफनभूमीची जागा मोजकी असल्याने मृत्यूनंतर त्यांना शेजार टाळता येत नाही. अंत्यविधीच्या वेळी, कबरीवर माती टाकून झाल्यानंतर तेथे थांबून काही बोलावयाचे की निमूटपणे परतावयाचे, या मुद्द्यावर जुना वाद पुन्हा जागा होतो. म्हणूनच त्याचा इतिहास समजून घेणे केवळ ग्रंथाभ्यासापुरते महत्त्वाचे नाही.

वादाचे मूळ : बद्रची विहीर
हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ मध्ये, बद्र येथे मक्केचे कुरैश आणि मदिनेचे मुसलमान यांच्यात लढाई झाली. कुरैशांचे चोवीस मृत सरदार एका पडक्या विहिरीत टाकण्यात आले. तिसऱ्या दिवशी प्रेषित मुहम्मद त्या विहिरीच्या काठी उभे राहिले, त्यांनी मृतांना नावानिशी हाका मारल्या आणि ईश्वराने दिलेले वचन तुम्हाला खरे ठरलेले आढळले ना, असे विचारले. प्राण नसलेल्या देहांशी आपण कसे बोलता, असा प्रश्न हजरत उमर यांनी केला. त्यावर, माझे बोलणे तुम्हीही त्यांच्यापेक्षा अधिक ऐकत नाही, अशा आशयाचे उत्तर प्रेषितांनी दिले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाणभूत हदीससंग्रहांत ही घटना नोंदलेली आहे.

या कथनाला पहिला आक्षेप घेतला तो प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा यांनी. उमर यांचे पुत्र अब्दुल्ला हे ही घटना सांगत असत. त्यांच्या ऐकण्यात चूक झाली असावी, असे आयेशा यांचे मत होते. आपण सांगत होतो ते सत्य होते हे त्या मृतांना आता ‘कळले’ आहे, असे प्रेषित म्हणाले. ते ‘ऐकतात’ असे म्हणाले नाहीत, हा त्यांचा मुद्दा. त्यासाठी त्यांनी कुराणाचा आधार घेतला. सत्ताविसाव्या अध्यायातील ८० व्या आणि पस्तिसाव्या अध्यायातील २२ व्या आयतीत, मृतांना वा कबरीतील लोकांना तू ऐकवू शकणार नाहीस, अशा अर्थाचे वचन आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा मतभेद नंतरच्या पंथांनी निर्माण केलेला नाही. तो प्रेषितांच्या सहवासात वावरलेल्या पहिल्या पिढीतील आहे आणि दोन्ही बाजू एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नोंदल्या गेल्या आहेत. मृताला पुरून लोक परतू लागले की त्याला त्यांच्या पायांचा आवाज ऐकू येतो आणि त्यानंतर दोन देवदूत येऊन त्याला प्रश्न विचारतात, असे सांगणारी हदीसही त्याच संग्रहांत आहे. पुढील भाष्यकारांसमोर प्रश्न उरला तो या सर्व वचनांचा मेळ घालण्याचा.

हा मेळ मुख्यतः तीन प्रकारांनी घालण्यात आला. बद्रच्या मृतांना काही काळ जिवंत करून ऐकविण्यात आले, तो एक अपवाद होता, असे कतादा या प्रारंभीच्या विद्वानाने म्हटले. कुराणातील ‘मृत’ म्हणजे सत्य न स्वीकारणारे जिवंत लोक. तेथे रूपक आहे आणि ‘ऐकणे’ म्हणजे मानणे, असे दुसऱ्या गटाचे म्हणणे. मृत स्वतःहून ऐकत नाहीत, पण ईश्वराने इच्छिले तेव्हा त्यांना ऐकविले जाते, हा तिसरा मार्ग.

न्यायपरंपरांची दोन उत्तरे :
श्रद्धेच्या क्षेत्रातील हा प्रश्न न्यायशास्त्रात दोन अगदी व्यावहारिक ठिकाणी उपस्थित झाला. पहिले ठिकाण तल्कीनचे. दफन पूर्ण झाल्यावर कबरीच्या उशाशी बसून मृताला नावाने संबोधणे आणि देवदूतांच्या प्रश्नांना द्यावयाच्या उत्तरांची आठवण करून देणे, याला तल्कीन म्हणतात. मृत ऐकतो हे गृहीत धरल्याशिवाय या विधीला अर्थ राहत नाही. शाफई परंपरेतील थोर विद्वान इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनी या विधीला अनुकूल मत दिले. त्याचा आधार असलेली हदीस दुर्बळ मानली जाते हे मान्य करूनही, इतर वचनांचा तिला पाठिंबा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. याउलट औरंगजेबाच्या आश्रयाने सतराव्या शतकात संकलित झालेल्या ‘फतावा-ए-आलमगिरी’ या हनफी ग्रंथात, आपल्या परंपरेच्या प्रमुख मतानुसार मृत्यूनंतर तल्कीन करू नये, असा निर्णय आढळतो.

दुसरे ठिकाण शपथेचे. एखाद्याने ‘मी अमुक माणसाशी बोलणार नाही’ अशी शपथ घेतली आणि तो माणूस मेल्यावर त्याच्या देहाशी वा कबरीशी तो बोलला, तर शपथ मोडली काय? मरगीनानी (मृत्यू ११९७) यांच्या ‘हिदाया’ या प्रमाणग्रंथानुसार शपथ मोडत नाही. कारण बोलण्याचा हेतू समजावणे हा असतो आणि मृत्यूमुळे समजण्याची शक्यताच संपते. या निर्णयाच्या आधारे पंधराव्या शतकातील भाष्यकार इब्न हुमाम (मृत्यू १४५७) यांनी आपल्या परंपरेतील बहुसंख्य आचार्यांचे मत मृत ऐकत नाहीत असे असल्याचे नोंदविले. पायांचा आवाज ऐकू येणे हे दफनानंतरच्या पहिल्या काही क्षणांपुरते, प्रश्नोत्तरांच्या तयारीसाठी असते, असे त्यांनी म्हटले. प्रतिपक्षाचे यावर उत्तर असे की, शपथेचा अर्थ लोकव्यवहारातील भाषेवरून ठरतो. मृताशी ‘बोलणे’ असे कोणी म्हणत नाही, म्हणून शपथ मोडत नाही. त्यावरून आत्म्याला ऐकू येत नाही असे सिद्ध होत नाही.

या ठिकाणी एक प्रचलित समज दुरुस्त करावा लागतो. मृत ऐकतात असे मानणारे ते दर्ग्याचे भक्त आणि न मानणारे ते दर्ग्याचे विरोधक, अशी सरळ विभागणी सर्वसाधारणपणे केली जाते. ग्रंथांचे चित्र असे नाही. कबरीशी निगडित अनेक प्रथांवर कठोर टीका करणारे दमास्कसचे इब्न तैमिया (मृत्यू १३२८) हे मृत ऐकतात असे मानत. त्यांचे शिष्य इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी ‘किताबुर् रूह’ या ग्रंथात, मृत व्यक्ती भेटीला आलेल्याला ओळखते आणि त्याच्या सलामाचे उत्तर देते, असे विस्ताराने मांडले. मात्र मृताकडे काही मागण्यास दोघांचाही विरोध होता. उलटपक्षी, ज्या हनफी परंपरेच्या ग्रंथांत मृत ऐकत नाहीत असे म्हटले आहे, तीच परंपरा पाळणाऱ्या समाजात दक्षिण आशियातील बहुसंख्य दर्गे उभे राहिले. ‘ऐकणे’ आणि ‘मागणे’ यांच्यात तर्काने अटळ असे नाते नाही, हेच यावरून दिसते.

कोकण आणि माहीम :
महाराष्ट्रातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी असले तरी कोकणी मुसलमान शाफई आहेत. अरबी समुद्रातील व्यापारामुळे कोकण व मलबारच्या किनाऱ्याचा संबंध अरबस्तानाशी, विशेषतः येमेन व हद्रमौतशी जुळला आणि त्या वाटेने शाफई परंपरा येथे रुजली. उत्तरेकडून खुष्कीच्या मार्गाने आलेली हनफी परंपरा आणि समुद्रमार्गे आलेली शाफई परंपरा मुंबईत एकत्र आल्या. दफनानंतरची तल्कीन शाफई परंपरेत विधी म्हणून मान्य आहे. म्हणजे कोकणी माणूस कबरीपाशी बसून मृताला संबोधतो तेव्हा तो दर्गापूजेच्या प्रभावाने तसे करतो असे म्हणणे चुकीचे ठरेल. तो आपल्या न्यायपरंपरेचे पालन करीत असतो.

या किनारपट्टीवरील सर्वांत थोर विद्वान म्हणजे माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१). ते नवायत समाजातील व शाफई परंपरेचे होते. त्यांनी ‘तबसीरुर् रहमान’ हे कुराणावरील अरबी भाष्य लिहिले, जे एकोणिसाव्या शतकात कैरो येथे छापले गेले. इब्न अरबी यांच्या सूफी तत्त्वज्ञानाचा त्यांच्या विचारांवर प्रभाव होता. असा ग्रंथकार पंडित मृत्यूनंतर लोकांचा ‘मखदूमबाबा’ झाला. दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास भरणाऱ्या माहीमच्या जत्रेत मुंबई पोलिसांच्या वतीने संदल नेण्याचा मान परंपरेने चालत आला आहे. जत्रेला येणाऱ्यांत हिंदू, ख्रिस्ती, पारशी असे सर्वधर्मीय असतात. त्यांपैकी बहुतेकांनी बाबांच्या भाष्याचे नावही ऐकलेले नसते. बाबा आपले ऐकतात, एवढाच त्यांचा विश्वास असतो.

कल्याणजवळील हाजी मलंगच्या डोंगरावरही हेच दिसते. तेथील व्यवस्थेत ब्राह्मण केतकर घराण्याचा परंपरागत सहभाग राहिला आहे आणि माघी पौर्णिमेला यात्रा भरते. त्या स्थळाच्या स्वरूपाविषयी चाललेला वाद हा स्वतंत्र विषय आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते नवसाचे. नवस बोलणे ही क्रियाच ऐकणाऱ्याचे अस्तित्व गृहीत धरते. मराठी मनाला ही कल्पना परकी नव्हती. समाधिस्थ ज्ञानदेवांच्या कंठाला अजानवृक्षाच्या मुळीचा वेढा पडला आणि त्यांनी स्वप्नात दृष्टांत देऊन एकनाथांना आळंदीला बोलावले, ही आख्यायिका वारकरी परंपरेत सर्वश्रुत आहे. समाधीतील संत बोलतो आणि ऐकतो, ही श्रद्धा असलेल्या समाजाला पीराची कबर समजावून सांगावी लागली नाही.

खुलताबाद : बादशहाची कबर
मराठवाड्यातील खुलताबाद येथे चिश्ती परंपरेतील बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) आणि झैनुद्दीन शिराझी (मृत्यू १३६९) यांचे दर्गे आहेत. बुऱ्हाणुद्दीन यांची संभाषणे त्यांच्या शिष्यांनी ‘अहसनुल अक्वाल’, ‘नफाइसुल अनफास’ आदी फार्सी संग्रहांत जतन केली. चिश्ती परंपरेत गुरूच्या कबरीची जियारत ही गुरूच्या भेटीसारखीच मानली जाते. जिवंत गुरूसमोर बसताना पाळावयाचा अदब कबरीसमोरही पाळला जातो. म्हणजे सूफींच्या दृष्टीने प्रश्न कानाने ऐकण्याचा नसून संबंध टिकून राहण्याचा होता.

इ.स. १७०७ मध्ये तत्कालीन अहमदनगर येथे औरंगजेबाचा मृत्यू झाला आणि त्याचे दफन खुलताबादेत झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात झाले. कबर साधी आणि उघडी आहे. ज्याच्या आश्रयाने तयार झालेला ग्रंथ मृताला संबोधून तल्कीन करू नये असे सांगतो, तो बादशहा अखेर एका संताच्या शेजारी विसावला. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. न्यायग्रंथाचा निर्णय आणि पुण्यपुरुषाच्या सान्निध्याची ओढ ही दोन्ही त्या काळच्या धर्मनिष्ठ मुसलमानाच्या मनात सुखाने एकत्र राहू शकत होती. ती परस्परविरोधी ठरली ती त्यानंतर.

एकोणिसावे शतक : मतभेदाचे पंथभेदात रूपांतर
शाह इस्माईल (मृत्यू १८३१) यांच्या ‘तक्वियतुल ईमान’ या उर्दू ग्रंथाने पीरांकडे मागणे, नवस बोलणे यांवर प्रखर टीका केली. १८६६ मध्ये देवबंद येथील मदरसा स्थापन झाला. शिळाछापामुळे उर्दू पुस्तके स्वस्त झाली आणि जो वाद अरबी जाणणाऱ्या मोजक्या विद्वानांपुरता होता तो बाजारात आणि मशिदीत पोहोचला. बरेलीचे अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांनी मृतांच्या श्रवणाच्या समर्थनार्थ ‘हयातुल मवात फी बयानि समाइल अम्वात’ हा ग्रंथ लिहिला. याच काळात बगदादचे नुअमान आलूसी (मृत्यू १८९९) यांनी हनफी परंपरेनुसार मृत ऐकत नाहीत, हे सिद्ध करणारा अरबी ग्रंथ रचला. देवबंदचे रशीद अहमद गंगोही (मृत्यू १९०५) यांची भूमिका मात्र संयत होती. प्रेषितांच्या सहकाऱ्यांपासून चालत आलेला हा मतभेद असल्याने त्याचा अंतिम निवाडा शक्य नाही, असे त्यांनी मानले.

मुंबई हे या काळात छापखान्यांचे, हज यात्रेच्या जहाजांचे आणि गिरणी कामगारांचे शहर होते. नाईल ग्रीन यांनी १८४० ते १९१५ या काळातील मुंबईच्या इस्लामचा अभ्यास करताना दाखविले आहे की, औद्योगिक शहरात दर्गे आणि पीरांविषयीची श्रद्धा ओसरली नाही, उलट वाढली. गाव सोडून आलेल्या कामगाराला ओळखीचा कोणी नव्हता. त्याचे ऐकणारा बाबा मात्र माहीमला, वरळीला वा मलंगडावर होता. सुधारकांची टीका आणि कामगारांची गरज या दोहोंच्या ताणात मुंबईतील मुस्लिम धर्मजीवन घडले.

अलीकडील दोन प्रसंग :
हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही, हे दोन घटनांवरून स्पष्ट होते. हाजी अली दर्ग्यात २०११-१२ च्या सुमारास स्त्रियांना कबरीजवळच्या गाभाऱ्यात प्रवेश बंद करण्यात आला. पुरुष संताच्या कबरीच्या अगदी जवळ स्त्रियांनी जाणे हे पाप आहे, असा न्यासाचा युक्तिवाद होता. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी या बंदीला आव्हान दिले आणि २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. सर्वोच्च न्यायालयात न्यासाने प्रवेश देण्याची तयारी दर्शविल्यावर नोव्हेंबर २०१६ मध्ये स्त्रिया पुन्हा गाभाऱ्यात गेल्या. न्यायालयासमोरचा प्रश्न समानतेचा होता. पण स्त्रियांच्या आग्रहामागे, आपले म्हणणे बाबांपुढे जवळून मांडण्याचा हक्क पुरुषांइतकाच आपलाही आहे, ही भावनाही पाहता येते.

दुसरी घटना करोनाच्या साथीतील. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महानगरपालिकेने करोनाने मृत झालेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहन करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलले. पुढे वांद्रे येथील कबरस्तानात अशा मृतांच्या दफनास विरोध करणाऱ्या याचिका उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळल्या. सन्मानपूर्वक अंत्यविधी हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने मानले. त्या दिवसांत अनेक कबरींपाशी तल्कीन करणारा कोणी थांबू शकला नाही. परतणाऱ्यांच्या पायांचा आवाज मृताला ऐकू येतो असे मानणाऱ्या कुटुंबातील माणसाच्या कबरीवरून आप्तांऐवजी संरक्षक पोशाखातील अनोळखी स्वयंसेवक परतले. मृत ऐकतो असे मानणाऱ्याला हे शल्य राहिले, आणि तो ऐकत नाही असे मानणाऱ्यालाही ते कमी बोचले नसेल.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. मृतांच्या श्रवणाविषयीचा मतभेद इस्लामच्या पहिल्या पिढीइतका जुना असून दोन्ही मतांना प्रमाणग्रंथांचा आधार आहे. त्यामुळे कोणत्याही एका मताला परके वा उपरे ठरविणे इतिहासाला धरून नाही. तसेच श्रवणाचा प्रश्न आणि याचनेचा प्रश्न हे परस्परांपासून भिन्न आहेत. इब्न कय्यिम यांच्यासारख्या विद्वानांनी पहिल्याला होकार आणि दुसऱ्याला नकार दिला होता. एकोणिसाव्या शतकातील खंडनमंडनात हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळले आणि श्रवणाविषयीचे मत हे पंथाची खूण बनले.

कोकण-मुंबईच्या संदर्भात न्यायपरंपरांतील भेद लक्षात घेणे विशेष आवश्यक आहे. शाफई कोकण्याची तल्कीन, हनफी विद्वानाचा नकार आणि दर्ग्यातील नवस या तीन वेगवेगळ्या उगमांच्या गोष्टी आहेत. त्यांना एकाच मापाने मोजल्यास इतिहासाचा विपर्यास होतो आणि कबरीच्या काठावर शोकाकुल आप्तांमध्ये विनाकारण कटुता येते.

आयेशा आणि अब्दुल्ला इब्न उमर यांच्यात या प्रश्नावर एकमत झाले नाही. पण हदीसकारांनी दोघांचेही म्हणणे शेजारी शेजारी जपून ठेवले. नवघरसारख्या उपनगरांच्या परिसरात, जेथे वेगवेगळ्या परंपरांची माणसे एकाच दफनभूमीत येतात, तेथे ही जुनी रीत आजही मार्गदर्शक ठरावी. कबरीपाशी थांबून बोलणारा आणि सलाम करून निमूट परतणारा, दोघेही मृताच्या क्षमेसाठीच प्रार्थना करीत असतात.